नवशिक्याने ताकदवान गाडी घ्यावी का? आंबा घाटातून ये-जा करणाऱ्या तरुणाला उत्तर

बाकीच्यांनाही संदर्भ लागावा म्हणून तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो. वय २४, लायसन्स मिळून वर्ष होत आलं, आजवर चालवली ती फक्त बाबांची वॅगनआर. नोकरी कोल्हापूरला आणि घर रत्नागिरीजवळ, म्हणजे शनिवारी काम संपलं की मलकापूर, आंबा घाट, साखरपा, नाणीज, पाली असा प्रवास आणि रविवारी रात्री किंवा सोमवारी पहाटे परत. बजेट बारा लाख. डोळ्यांसमोर तीन गाड्या आहेत: २०१४ ची सेकंडहँड बीएमडब्ल्यू ३२०डी, २०१६ ची सेकंडहँड ऑक्टाविया १.८ टीएसआय (आधीच्या मालकाने रिमॅप केलेली, म्हणजे इंजिनचा प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवलेली) आणि नवी कोरी आय२० एन लाइन. मित्र पहिलीच्या बाजूने, बाबा तिसरीच्या. आणि शेवटी दोन प्रश्न: नवशिक्याला किती पीएस (इंजिनची ताकद, साधारण हॉर्सपॉवरच) म्हणजे जास्त, आणि मॅन्युअल घेऊ की ऑटोमॅटिक?

माझं रत्नागिरी भागात गॅरेज आहे, जोडीला बरीच वर्षं गाडी शिकवतो, आणि पावसाळ्यात घाटात अडकलेल्या गाड्या ओढून आणायला जावं लागतं. जे लिहितोय ते या तीन कामांतून आलेलं आहे. मुंबई-पुण्याच्या एक्स्प्रेसवेवर गाडी चालवणाऱ्याचं उत्तर वेगळं येईल आणि ते त्याच्यापुरतं बरोबरही असेल.

किती पीएस जास्त, याला एक आकडा नाही. वेगवान गाडी आवडते यात गैर काही नाही, मलाही आवडते. पण तुझ्या रस्त्यावर मुद्दा असा की गाडी सांभाळण्यात तुझं किती लक्ष जाणार आणि रस्त्याला किती उरणार. वर्षभर चालवलेल्या माणसाचं अजून बरंचसं लक्ष गिअर, क्लच, आरसा, गाडीची रुंदी यातच जात असतं. तो काही दोष नाही, सरावाने आपोआप सुटतं. ते सुटण्याआधी गाडीने आणखी काम लावलं, तर ते कुठून तरी कापून घ्यावं लागतं, आणि माणूस बहुतेक वेळा लांबचं बघणं कापतो. नजर बोनेटच्या पुढे दहा-पंधरा मीटरवर येऊन बसते. शिकवताना मी हे रोज बघतो.

काही गोष्टी मात्र तुझ्या तुलाच ठाऊक. गाडीत एकटा असतोस की तीन मित्र बसवून येतोस? (मागे मित्र असले की चालवणाऱ्याचा पाय जड होतो, हे तूही नाकारणार नाहीस.) तुझ्या वेळा पाहता घाट बहुतेक अंधारात लागणार, धुकं, पाऊस आणि समोरून अप्पर मारत येणारा ट्रक यांची सवय किती? गाडी रात्री कुठे उभी राहणार, अंगणात की शेडमध्ये? आणि तुझा स्वभाव कसा आहे, मागच्याने हॉर्न दिला की जाऊ देतोस की पेटतोस? या उत्तरांवर माझा सल्ला थोडा इकडे-तिकडे होईल, पण फार नाही.

आता पीएसपेक्षा टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर बघ, कारण घाटात अंगावर येतो तो टॉर्क. वॅगनआरचं एक लिटरचं इंजिन असेल तर साधारण ९० न्यूटन मीटर. एन लाइन १७२. ऑक्टाविया कंपनीतून निघाली तेव्हा २५०. आणि ३२०डी ३८०. म्हणजे बाबांच्या गाडीच्या जवळपास दुप्पट, पावणेतीनपट आणि सव्वाचारपट. त्यातून टर्बो गाडीची (इंजिनात जादा हवा कोंबणारी) रीत अशी की दीड हजार आरपीएमच्या (इंजिनचे मिनिटाला फेरे) खाली ती सुस्त वाटते आणि मग एकदम भरते. वॅगनआरमध्ये तू ॲक्सिलरेटर जितका दाबतोस तितकीच गाडी पुढे जाते, त्यामुळे पायाला हिशोब बसलेला असतो. टर्बोत तोच पाय अर्ध्या सेकंदाने वेगळं उत्तर देतो.

सरळ रस्त्यावर त्याने बिघडत नाही. आंबा घाटातलं एखादं अवघड वळण घे, जुलै महिना, चढाच्या बाजूने मातीचा लाल गाळ रस्त्यावर आलेला. तू दुसऱ्या गिअरमध्ये वळणात शिरतोस, गाडी मंदावल्यासारखी वाटते म्हणून अर्ध्यातच पाय देतोस, आणि स्टिअरिंग अजून वळलेलं असताना टर्बो भरतो. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत तेच टायर ओढायचं आणि वळवायचं अशी दोन्ही कामं करत असतात. ओल्या गाळावर त्यांना एकच जमतं. चाकं फिरतात, गाडी वळायची सोडून सरळ सरकायला लागते. सरळ म्हणजे चढताना कुठे आणि उतरताना कुठे, हे तुला त्या घाटाचं सांगायला नको. नवशिका अशा वेळी घाबरून पाय झटकन काढतो. मग वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी नको तितकी आत वळते. ईएसपी ही यंत्रणा असेल तर ती प्रत्येक चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडी बरीचशी सावरते. पण टायरला पकडच उरली नसेल तर ईएसपी ती आणणार कुठून? मागची चाकं ढकलणाऱ्या गाडीत, म्हणजे ३२०डीमध्ये, हेच उलटं होतं. पाय जास्त पडला की पाठ बाहेर जायला बघते, आणि पाठ सावरणं हे पाठांतराने येत नाही, अंगात मुरावं लागतं.

ताकदवान गाडीच्या बाजूने सगळे एक गोष्ट सांगतात: ओव्हरटेक लवकर होतो, म्हणून ती जास्त सुरक्षित. अर्धं खरं आहे. कागदावर मांडून बघू. एसटी ५० च्या वेगाने चाललीय, तू तिच्या मागे आहेस. तिला पार करून सुरक्षित अंतराने आत यायचं तर तुला तिच्यापेक्षा साधारण ४५ मीटर जास्त काटायचे आहेत. वॅगनआरसारखी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये पुरी ताणलीस तरी याला साडेआठ-नऊ सेकंद जातात. समोरून ६० ने येणारं वाहन धरलं तर ओव्हरटेक सुरू करताना पुढचा जवळपास ३०० मीटर रस्ता मोकळा दिसायला हवा. ऑक्टावियासारख्या गाडीला सहाएक सेकंद आणि सव्वादोनशे-अडीचशे मीटर पुरतात. फरक मोठा आहे, मान्य. नाणीज-पालीच्या पट्ट्यात, जिथे सरळ रस्ता दिसतो, तिथे तो कामाचाही आहे. पण घाटात तुला दिसतात किती? कुठे साठ मीटर, कुठे ऐंशी, धुक्यात वीससुद्धा नाहीत. म्हणजे घाटात दोन्ही गाड्यांनी थांबायचंच आहे. थांबायची ज्याला घाई नाही त्याला ताकद लागत नाही, आणि ज्याला आहे त्याला ती भलत्या जागी धीर देते. शिवाय ओव्हरटेक संपतो तेव्हा वॅगनआरचा काटा ८५-९० वर असतो आणि ताकदवान गाडीचा शंभरच्या वर. पुढचं वळण तिथून तेवढंच जवळ असतं.

इथे थोडं थांबतो, कारण माझ्या मते खरा विषय ब्रेक आणि टायर हा आहे आणि तुझ्या पूर्ण प्रश्नात त्यांचा उल्लेखच नाही. ८० च्या वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पोचेपर्यंत दीड सेकंद धर, म्हणजे ३३ मीटर नुसते बघण्यातच गेले. त्यानंतर कोरड्या डांबरावर चांगले टायर असतील तर आणखी पस्तीसेक मीटर. भिजलेल्या रस्त्यावर झिजलेल्या टायरवर हेच जवळपास दुप्पट होतं. वेग ६० चा १०० झाला तर गाडीत साठलेली ऊर्जा पावणेतीनपट होते आणि ती सगळी त्या चार डिस्कमधून उष्णता होऊन बाहेर पडायची असते. घाट उतरताना ज्या गाड्यांच्या चाकांमधून जळका वास येतो, त्यांचे ड्रायव्हर बहुतेक वेळा चौथ्या गिअरमध्ये नुसता ब्रेक धरून उतरलेले असतात. पॅड तापले की पेडल घट्टच लागतं, पण गाडी थांबत नाही. ब्रेक ऑइल जुनं असेल तर उलटं, पेडल खाली जातं, कारण ते हवेतलं पाणी शोषतं आणि तापल्यावर त्याची वाफ होते. आमच्या किनारपट्टीच्या दमट हवेत ते दर दोन वर्षांनी बदलणं मी सक्तीचं मानतो. सेकंडहँड गाडी घेणारे शंभरातले नव्वद जण म्युझिक सिस्टिम लावून बघतात, ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण कुणी उघडत नाही.

याच ओघात जुन्या मंडळींची एक सवय सांगतो, तुला कुणी शिकवली असेल तर आजच सोड: उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणं. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना पाय काढलास तर इंजिनला पेट्रोल जवळपास बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. म्हणजे वाचत काहीच नाही आणि इंजिनचा ब्रेक मिळायचा तोही जातो. ज्या गिअरमध्ये चढला असतास त्याच गिअरमध्ये उतर.

टायरबद्दल. त्यावरच्या खाचा म्हणजे कौलांच्या पन्हळी, पाणी वाहून न्यायला ठेवलेल्या. कायद्याने १.६ मिलिमीटर खोली चालते. माझ्या हिशोबाने कोकणातल्या पावसात ३ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर काढून टाकावा. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणाऱ्या प्रदेशात ही चैन नाही. टायरच्या कडेला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष: ३१२२ म्हणजे २०२२ च्या एकतिसाव्या आठवड्यातला. खाचा चांगल्या दिसत असल्या तरी पाच-सहा वर्षांनी रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर धरत नाही. स्पोर्टी गाड्या विकताना लोक कधी कधी चकचकीत पण अनोळखी कंपनीचे स्वस्त टायर चढवून देतात. दोनशे पीएसच्या गाडीला ते टायर बघितले की मला मालकाबद्दल बाकी काही विचारावंसं वाटत नाही.

आता तुझ्या तीन गाड्या.

३२०डी ही गाडी म्हणून माझी आवडती आहे. १८४ पीएस, आठ गिअरची ऑटोमॅटिक, स्टिअरिंग अप्रतिम. पण तुझ्यासाठी मी स्पष्ट नाही म्हणेन, आणि कारण फक्त ताकदीचं नाही. दहा वर्षांपूर्वी चाळीस लाखांच्या घरातली गाडी आज बारा लाखांत मिळते, पण तिचे पार्ट त्या जुन्या किमतीच्या हिशोबातच येतात. रत्नागिरीत तिचं अधिकृत वर्कशॉप नाही. काही झालं तर गोवा किंवा पुणे, तेही टोइंगवर. बहुतेकांना रन-फ्लॅट टायर असतात, म्हणजे पंक्चर झालं तरी ८० च्या आत हळूहळू साधारण ८० किलोमीटर जाता येतं, म्हणून बऱ्याच गाड्यांत स्टेपनीच दिलेली नसते. आमच्या खड्ड्यात मात्र नुसतं पंक्चर होत नाही. टायरची कडच फाटते, कधी अलॉय वाकतो, आणि रात्री दहा वाजता साखरप्याला त्या मापाचा टायर कुठून आणणार? मागची चाकं ढकलणारी गाडी, पहिला पावसाळा आणि खिशात दुरुस्तीला काही शिल्लक नाही, या तिन्ही गोष्टी एकत्र नकोत.

ऑक्टाविया १.८ वर माझं मन जास्त रेंगाळतं. स्थिर गाडी, ईएसपी, एअरबॅग, लांबच्या प्रवासाला उत्तम. रिमॅप केलेली नसती, अंगावर सर्व्हिसचा पूर्ण कागद असता आणि तुला दोन-तीन वर्षांचा अनुभव असता तर मी कदाचित हो म्हटलं असतं. पण रिमॅप इथे नेमका दुखऱ्या जागेवर बसतो. या गाडीला सात गिअरचा ड्राय क्लचचा डीएसजी, म्हणजे दोन कोरड्या (तेलात न बुडणाऱ्या) क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे आणि तो गिअरबॉक्स २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनवलेला आहे. म्हणजे कंपनीतून निघतानाच गाडी मर्यादेच्या काठावर होती. रिमॅप करून तिला तीनशेच्या पुढे नेलं की जास्तीचा भार कोण सोसतो? क्लच. त्यातच ड्राय क्लचला सगळ्यात नकोसं असतं ते चढावर इंच-इंच सरकणं, आणि काम चालू असलेल्या रस्त्यांवर, गणपतीच्या गर्दीत, तुला तेच करायचंय. विमा कंपनीला न कळवता केलेला रिमॅप अपघातानंतर उघडा पडला तर दावा अडकतो. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही, हेही आहेच. 'स्टॉकवर परत आणून देतो' असं विकणारा म्हणेल. इंजिनचा प्रोग्रॅम परत आणता येतो, झिजलेला क्लच येत नाही.

२०१६ ची गाडी म्हणजे आणखी एक तपासणी. ऑगस्ट २०१९ ला कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ ला चिपळूण-महाडला पूर आला, त्यात असंख्य गाड्या बुडाल्या. त्यातल्या काही स्वच्छ धुऊन, सीटकव्हर बदलून लांबच्या शहरांत विकल्या गेल्या. जाहिरात पुण्याची आहे म्हणून निश्चिंत राहू नकोस. ड्रायव्हरचा सीटबेल्ट हळूहळू शेवटपर्यंत बाहेर ओढ. रोज जेवढा बाहेर येतो त्याच्या पुढची शेवटची वीतभर पट्टी कुणी धूत नाही. पाण्यात बुडालेल्या गाडीत तिथे आडवी मळकट रेघ दिसते आणि बोटाला बारीक माती लागते. मग डिकीतली स्टेपनी उचलून तिच्या खालचा पत्रा बघ, सीट ज्या रुळावर सरकते त्याचे नट गंजलेत का बघ, कार्पेट कोपऱ्यातून उचलून वास घे. समुद्राकाठी उभी राहणारी गाडी खालून गंजतेच, पण तो गंज खाली असतो. सीटच्या आतल्या स्प्रिंगला गंज चढला असेल तर पाणी तिथवर आलं होतं असं समज.

उरली एन लाइन. इथे बाबा बरोबर आहेत, आणि 'सेफ' म्हणून मन मारून घ्यायची ही गाडी नाही. एक लिटरचं टर्बो, १२० पीएस, सहा गिअर मॅन्युअल, चारही चाकांना डिस्क, ईएसपी, सहा एअरबॅग. वजनाला हलकी, म्हणून थांबायला आणि वळायला सोपी. वॅगनआरवरून आल्यावर पहिले दोन महिने ती तुला भरपूर वेगवान वाटेल आणि ते खरंच आहे. मुख्य म्हणजे तिची ताकद तू तुझ्या रोजच्या रस्त्यावर, नियमात राहून, बऱ्यापैकी वापरू शकशील. ३२०डीमध्ये चढावर नुसता पाय टेकवला की वेगाची मर्यादा ओलांडली जाते, मग उरलेली गाडी कधी शिकणार? एवढे पैसे घालायचे नसतील तर शेवटच्या काही वर्षांतली पोलो जीटी टीएसआय (११० पीएस, २०२२ ला बंद झाली) किंवा २०२४ ला आलेली अल्ट्रोज रेसर (१२० पीएस) सेकंडहँड बघ. बलेनो आरएसही मजेदार होती, फक्त आता चांगली सापडणं कठीण. यांतली कुठलीही घे, पण त्या नेमक्या मॉडेलला ईएसपी आहे ना, हे कागदावर बघ. 'टॉप मॉडेल आहे' या तोंडी आश्वासनावर नको.

मॅन्युअल की ऑटोमॅटिक यात माझं मत आजकाल थोडं बदललंय. ऑटोमॅटिक म्हणजे आळशी माणसाची गाडी, असं आमच्या पिढीचे ड्रायव्हर म्हणायचे. पण नवशिक्याच्या डोक्यावरचं एक ओझं ती खरोखर उतरवते, आणि धुक्यातल्या घाटात ते थोडंथोडकं नाही. तरी तुला मॅन्युअल सांगतो, कारण क्लच-गिअरचा हात तुझा बसलेला आहे, उतारावर गिअर कोणता हे तू ठरवशील, आणि ड्राय क्लचच्या डीसीटीची (डीएसजीसारखाच दोन क्लचचा ऑटोमॅटिक) चढावर रांगण्याची डोकेदुखी टळेल. ऑटोमॅटिकच घ्यायची ठरली तर उतारावर मॅन्युअल मोड वापरायचा, डीमध्ये ठेवून ब्रेकवर उतरायचं नाही, एवढं पाळ.

गाडी कुठलीही घे, बारातले निदान पन्नास-साठ हजार बाजूला काढ. नवी असेल तर ते विम्यात झिरो डेप (पार्ट जुने झाले म्हणून भरपाई न कापणारं) आणि इंजिन प्रोटेक्ट (इंजिनात पाणी गेलं तर कामी येणारं) या जादा कव्हरला जातील. पाण्यात बंद पडलेल्या इंजिनला पुन्हा स्टार्टर मारला की आतले कनेक्टिंग रॉड वाकतात, अशी इंजिनं उघडून मी बरीच बघितलीत, आणि साध्या विम्यात ते बसत नाही. (रस्त्यावर पाणी भरलंय आणि गाडी बंद पडली, तर पुन्हा सेल मारायचाच नाही. ढकलून बाजूला घे आणि कुणाला तरी बोलाव.) सेकंडहँड असेल तर ते पैसे चार टायर, ब्रेक ऑइल, पॅड आणि अलाइनमेंटला आधी, सीटकव्हर आणि स्पीकरला नंतर. पावसाळा संपला की गाडीखालचं खारं पाणी आणि चिखल प्रेशरने धुऊन घे. बोनेटखाली घुशी शिरतात, वायरी कुरतडतात. शेड असेल तर तिथेच उभी कर.

आणि सराव. एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) लागल्यावर पेडल पायाखाली थरथरतं, करकर आवाज येतो. पहिल्यांदा अनुभवणारा दचकून पाय उचलतो आणि नेमकं नको ते होतं. हे एकदा मुद्दाम करून बघायला हवं: मोकळी, पक्की जागा, परवानगी घेऊन, शेजारी जाणता माणूस, ४० चा वेग, पाऊस पडून गेल्यावर, आणि ब्रेक लाथ मारल्यासारखा दाबून गाडी थांबेपर्यंत धरून ठेवायचा, त्याच वेळी स्टिअरिंग थोडं वळवून बघायचं. चार-पाच वेळा केलंस की पाय शिकतो. मोकळी जागा म्हणून सड्यावर (कातळाच्या उघड्या माळावर) गाडी घालू नकोस. आपल्या सड्यांवर कातळशिल्पं, म्हणजे खडकात कोरलेली जुनी चित्रं आहेत, चाकाखाली काय जातंय ते कळतही नाही. आणि किनाऱ्यावर तर नकोच. वाळूत रुतलेली गाडी भरती यायच्या आत बाहेर काढायला दोरखंड घेऊन धावणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात कंटाळवाणं काम आहे, आणि खाऱ्या पाण्याने पुढच्या दोन वर्षांत ब्रेक पाइप खाल्ले जातात ते वेगळं. वेगाची हौस असेल तर तू कोल्हापूरलाच राहतोस, तिथे गो-कार्टिंगचा ट्रॅक आहे. घरी यायचं नसेल तेव्हाची एखादी दुपार तिथे घालव. टायर कधी सुटतो आणि कधी धरतो, हे कार्टमध्ये पाठीला जितकं कळतं तितकं रस्त्यावर कधी कळणार नाही.

पहिला पावसाळा नव्या गाडीवर काढताना घाटात अंधार पडायच्या आत पोचता येईल असं निघ. शनिवारी उशीर झालाच तर रात्री रेटून यायच्याऐवजी रविवारी पहाटे सुट. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, म्हणजे उतरताना थांबायचं तू, हे लक्षात ठेव. भरलेला ट्रक एकदा थांबला की चढावर पुन्हा उचलायला त्याला काय पडतं ते त्याच्या ड्रायव्हरला विचार. आमच्याकडचे जुने एसटीवाले पोरांना 'वायच दमान', म्हणजे जरा सावकाश, एवढंच सांगायचे.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमच्या गल्लीत फेरी मारून येऊ नकोस. थोडा चढ-उतार असलेला रस्ता माग, पाऊस असेल तर उत्तम. चढावर थांबून पुन्हा उचल, दुसऱ्या गिअरमध्ये हजार आरपीएमपासून पाय दाबून टर्बो कुठे भरतो ते बघ, मग बाबांना मागे बसवून तोच रस्ता पुन्हा कर. रात्री एकदा हेडलाइट लावून बघता आली तर सोडू नकोस. आंबा घाटात तुला शंभर पीएसपेक्षा चांगले दिवे जास्त उपयोगी पडतील. आणि एवढं सगळं वाचूनही ऑक्टाविया बघायला जाणारच असशील (जाशील, वय मलाही होतं), तर सीटबेल्टचं टोक, टायरवरचा चार आकडी कोड आणि सर्व्हिस बुकाची पानं, यांचे फोटो काढून पाठव. पैसे देण्याआधी पाठव.